बेशुद्ध रुग्णाचे भवितव्य आणि संशोधनाचा अग्रक्रम

अपघातात डोक्याला मार बसून, अथवा हृदयक्रिया काही मिनिटे बंद पडून खोल बेशुद्धीत गेलेला माणूस रुग्णालयात दाखल होतो, तेव्हा त्याच्या घरची माणसे डॉक्टरांना एकच गोष्ट विचारतात : शुद्धीवर येईल ना? या साध्या प्रश्नाच्या उत्तरावर फार मोठे निर्णय अवलंबून असतात. श्वसनयंत्र चालू ठेवायचे की नाही, कवटी उघडून शस्त्रक्रिया करायची की नाही, अतिदक्षता विभागातील मोजक्या खाटांपैकी एक याला द्यायची की दुसऱ्याला. आणि घरच्यांच्या बाजूने पाहिले तर जमिनीचा तुकडा गहाण टाकायचा की रुग्णाला गाडीत घालून गावी न्यायचे, हे सारे त्या उत्तरावर ठरते. हे उत्तर शास्त्राने दिलेले असते आणि शास्त्र सर्वांना सारखेच लागू असते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. तिच्यातील पहिला भाग बऱ्याच अंशी खरा आहे. दुसरा भाग तपासून पाहण्याजोगा आहे.

हा प्रश्न वैद्यकापुढे उभा राहिला तो मुळी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात. तत्पूर्वी खोल बेशुद्धीतील रुग्ण बहुधा काही दिवसांतच दगावत असे. १९५० नंतर कृत्रिम श्वसनयंत्रे आणि अतिदक्षता विभाग आले आणि असे रुग्ण आठवडेच्या आठवडे जगू लागले. काही पूर्ण बरे झाले. काही डोळे उघडे असूनही कशाचेच भान नसलेल्या अवस्थेत राहिले. या दुसऱ्या अवस्थेला १९७२ साली ग्लासगोचे शल्यविशारद ब्रायन जेनेट आणि न्यूयॉर्कचे मज्जाविकारतज्ज्ञ फ्रेड प्लम यांनी प्रथम नाव दिले. कोणता रुग्ण कोणत्या वाटेने जाणार, हे आधी सांगता येईल काय, या विचाराने जेनेट यांना पछाडले होते. परंतु अशी तुलना करायची तर सर्व डॉक्टरांची भाषा एक हवी, आणि ती तशी नव्हती. ‘अर्धवट शुद्धीत’, ‘ग्लानीत’, ‘खोल बेशुद्ध’ या शब्दांचा अर्थ प्रत्येक रुग्णालयात, किंबहुना प्रत्येक पाळीला, वेगळा होता.

१९७४ मध्ये जेनेट आणि त्यांचे सहकारी ग्रॅहॅम टीसडेल यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. रुग्ण डोळे केव्हा उघडतो, काय बोलतो आणि हातपाय कसे हलवतो, एवढ्या तीनच गोष्टी पाहायच्या. डोळ्यांना चारपैकी, बोलण्याला पाचपैकी आणि हालचालीला (नंतरच्या सुधारित रूपात) सहापैकी गुण द्यायचे. एकूण गुण किमान तीन, कमाल पंधरा. आठ वा त्याहून कमी म्हणजे सामान्यतः कोमा. या पट्टीला ना यंत्र लागते, ना वीज. रात्रपाळीची परिचारिका खाटेशी उभी राहून दर तासाला ती भरू शकते आणि गुण घसरू लागले की डॉक्टरला हाक मारू शकते. ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्यसेवेत जन्मलेली ही पट्टी पुढे जगभर पसरली, याचे कारण तिची ही साधेपणाची शक्ती होय. वैद्यकाच्या इतिहासात इतकी लोकशाही स्वरूपाची साधने फार थोडी सापडतील! पाठोपाठ १९७५ मध्ये जेनेट आणि मनोविकारतज्ज्ञ मायकेल बाँड यांनी अखेरच्या परिणामाची पट्टीही दिली : मृत्यू, भानरहित अवस्था, तीव्र अपंगत्व, मध्यम अपंगत्व आणि चांगली सुधारणा, अशा पाच पायऱ्यांची.

सुरुवात अशी सुरेख झाली. त्यानंतर जे घडले त्यात खरी मेख आहे. १९७७ मध्ये ग्लासगो, नेदरलँड्स आणि लॉस एंजेलिस येथील तीव्र मेंदू-इजेच्या ७०० रुग्णांची एकत्रित पाहणी प्रसिद्ध झाली. तिन्ही ठिकाणच्या उपचारपद्धतींत बराच फरक होता. तरीही मृत्यूंचे प्रमाण तिन्हीकडे जवळपास निम्मेच भरले. यावरून असा ग्रह बळावला की, अशा रुग्णाचे भवितव्य इजेच्या क्षणीच ठरलेले असते. डॉक्टरने ते केवळ वाचायचे असते. या तिन्ही ठिकाणी रुग्णवाहिका वेळेवर येत होती, श्वसनयंत्र उपलब्ध होते, परिचारिका पुरेशा होत्या, याकडे कोणाचे फारसे लक्ष गेले नाही. पाण्यातल्या माशाला पाणी दिसत नाही, तसाच हा प्रकार.

या ग्रहाला तडा गेला तो एका निराळ्याच प्रश्नाच्या शोधातून. डोक्याला मार लागलेल्या रुग्णांना सूज उतरावी म्हणून स्टेरॉइड देण्याची प्रथा तीस वर्षांहून अधिक काळ चालू होती. औषध गुणकारी आहे की नाही, हे मोठ्या प्रमाणावर कोणी तपासलेच नव्हते. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पैशातून १९९९ साली ‘क्रॅश’ नावाची चाचणी सुरू झाली. तिच्यात ४९ देशांतील २३९ रुग्णालये सहभागी झाली. वीस हजार रुग्ण घेण्याचा बेत होता. १०,००८ रुग्णांनंतर, २००४ मध्ये, ती थांबवावी लागली. कारण पहिल्या दोन आठवड्यांत स्टेरॉइड दिलेल्यांपैकी २१.१ टक्के, तर न दिलेल्यांपैकी १७.९ टक्के रुग्ण मरण पावले होते. जे औषध तीन दशके उपकारक म्हणून टोचले जात होते ते माणसे मारत होते. इतका काळ हा प्रश्न विचारला गेला नाही, कारण तो विचारण्यात कोणाचाच व्यापारी लाभ नव्हता आणि डॉक्टरांना प्रथेवर विश्वास होता.

या दहा हजार रुग्णांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश रुग्ण कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतील होते. त्यांच्या नोंदींवरून लंडनमधील संशोधकांनी २००८ मध्ये भाकिताचे सूत्र तयार केले. वय, ग्लासगोचे गुण, डोळ्यांच्या बाहुल्या उजेडाने आकसतात की नाही आणि शरीरात अन्यत्र मोठी इजा आहे की नाही, एवढे सांगितले की, चौदा दिवसांत मृत्यूची आणि सहा महिन्यांनी मृत्यू वा तीव्र अपंगत्वाची शक्यता किती, ते सूत्र सांगते. परंतु एकच सूत्र करता आले नाही. श्रीमंत देशांसाठी एक आणि इतर देशांसाठी दुसरे, अशी दोन सूत्रे करावी लागली. त्याच नोंदींच्या दुसऱ्या विश्लेषणात असे दिसले की, इजेची तीव्रता आदी गोष्टी जमेस धरल्यानंतरही, गरीब व मध्यम देशांतील तीव्र मेंदू-इजेच्या रुग्णाच्या बाबतीत मृत्यूचे पारडे दुपटीहून जड होते. तेच वय, तेच गुण, त्याच बाहुल्या. पण सूत्रात देश बदलला की आकडा बदलतो. म्हणजे ज्याला रुग्णाचे भाकीत म्हटले जाते त्यात त्या देशाच्या रुग्णवाहिकेचे, रक्तपेढीचे आणि परिचारिकांच्या संख्येचे भाकीतही मिसळलेले असते. हे शोधून काढायला अर्थशास्त्रज्ञ लागला नाही. डॉक्टरांच्याच आकड्यांनी ते सांगितले.

भाकिताचा दुसरा दोष याहून सूक्ष्म आहे. डॉक्टर म्हणतो, ‘आशा नाही’, त्यावरून श्वसनयंत्र काढले जाते, रुग्ण मरतो, आणि अभ्यासात नोंद होते की, अमुक लक्षण असलेला रुग्ण मेला, सबब लक्षण खात्रीचे! भाकिताने स्वतःलाच खरे करून घेतले, हे नोंदीत कुठेच दिसत नाही. कॅनडातील सहा मोठ्या अपघात-केंद्रांतील तीव्र मेंदू-इजेच्या ७२० रुग्णांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. मृत्यू पावलेल्यांपैकी ७० टक्क्यांच्या बाबतीत मृत्यूपूर्वी जीवनाधार काढून घेण्याचा निर्णय झालेला होता, आणि त्यांपैकी निम्मे निर्णय पहिल्या तीन दिवसांतले होते. सर्वांत बोलका आकडा वेगळाच आहे : हे प्रमाण एका केंद्रात ४५ टक्के, तर दुसऱ्यात ८७ टक्क्यांच्या घरात होते. एकाच देशात, एकाच सार्वजनिक आरोग्यसेवेखाली, रुग्ण कोणत्या दारातून आत आला यावर इतका फरक पडत असेल, तर त्या निर्णयांत शास्त्र किती आणि रुग्णालयाची रीत किती?

भारतात हाच दोष निराळ्या वेशात वावरतो. येथे जीवनाधार काढण्याचा निर्णय पुष्कळदा डॉक्टर घेतच नाही. तो पैसा घेतो. चौथ्या-पाचव्या दिवशी नातेवाइकांची उधारउसनवार संपते, ‘वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घरी नेत आहोत’ या कागदावर अंगठा उठतो, आणि रुग्णालयाच्या दप्तरात त्या माणसाचा मृत्यू उमटतही नाही. दुसरीकडे ज्याच्या घरी पैसा आहे वा ज्याचा विमा आहे, त्याच्या बाबतीत आशा संपल्यावरही यंत्र चालू ठेवण्यात खाजगी रुग्णालयाचा लाभ असतो. एकाला सत्य फार लवकर सांगितले जाते, दुसऱ्याला फार उशिरा. दोन्हीकडे घड्याळ बिलाचे असते. या बाबतीत डॉक्टरांना सरसकट दोष देणे अन्यायाचे होईल. सार्वजनिक रुग्णालयांत एका खाटेसाठी तिघे दारात उभे असताना निर्णय करणाऱ्या निवासी डॉक्टरची अवस्था ज्याने पाहिली आहे तो असा दोष देणार नाही.

शिवाय भाकिताची लक्षणेही अढळ नसतात. मुख्यतः हृदयक्रिया बंद पडून बेशुद्ध झालेल्या २१० रुग्णांवर आधारलेला एक अभ्यास १९८५ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. तिसऱ्या दिवशी वेदनेला हातापायांचा योग्य प्रतिसाद नसलेला रुग्ण पुन्हा स्वावलंबी होत नाही, हा त्यातील नियम पुढे वीस वर्षे प्रमाण मानला गेला. २००२ नंतर अशा रुग्णांचे शरीर थंड ठेवण्याचा उपचार रूढ झाला. त्यासाठी गुंगीची औषधे द्यावी लागतात आणि थंड शरीरात ती सावकाश उतरतात. मग तिसऱ्या दिवशी निपचित पडलेले काही रुग्ण पुढे उठून घरी गेले! रक्तातील एका मेंदूजन्य द्रव्याची ‘घातक’ पातळी २००६ च्या अमेरिकी नियमावलीत ३३ होती; २०२१ च्या युरोपीय नियमावलीत ती ६० झाली. या दोन आकड्यांच्या मधल्या पट्ट्यात ज्यांची आशा सोडली गेली त्यांतले किती वाचले असते, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. युरोपीय नियमावली आता म्हणते, किमान ७२ तास थांबा, गुंगी पूर्ण उतरू द्या, आणि किमान दोन स्वतंत्र पुरावे जुळल्याखेरीज वाईट भाकीत करू नका. नियम शहाणपणाचा आहे. परंतु पुराव्यांच्या यादीतील बहुतेक चाचण्यांना मेंदूचा विद्युत्‌-आलेख, मज्जातंतूंच्या संदेशांची तपासणी, एम.आर.आय. असली साधने आणि ती वाचणारे तज्ज्ञ लागतात. जिल्हा रुग्णालयाच्या डॉक्टरच्या हाती त्यातले काय उरते? बॅटरी, बाहुल्या आणि ग्लासगोची पट्टी.

येथून संशोधनाच्या अग्रक्रमाचा प्रश्न सुरू होतो. मेंदू वाचवणाऱ्या नव्या औषधाच्या शोधात गेल्या चार दशकांत अपार पैसा गेला आहे आणि बहुतेक औषधे मोठ्या चाचणीत निष्फळ ठरली आहेत. प्रोजेस्टेरॉनकडून फार आशा होती. २०१४ मध्ये त्याच्या दोन मोठ्या चाचण्या एकदमच अपयशी ठरल्या. शरीर ३३ अंशांपर्यंत थंड करण्याने हृदयक्रिया थांबलेल्या रुग्णांचे मृत्यू घटत नाहीत, ताप न येऊ देणे पुरते, असे २०२१ मधील सुमारे १,८५० रुग्णांच्या चाचणीत आढळले. तोवर थंड करण्याची महागडी यंत्रे विकली जाऊन बसवलीही गेली होती.

याउलट ज्या चाचण्यांनी सर्वसामान्य रुग्णाला काही दिले त्या पाहाव्यात. कवटीत दाबमापक घालून उपचार करणे श्रीमंत देशांत अनिवार्य मानले जाते; म्हणून ते खरोखर उपयोगी आहे काय, हे तेथे तपासता येत नव्हते. ते तपासले गेले बोलिव्हिया आणि इक्वेडोर या देशांत, कारण तेथे ते उपकरण सर्वांना मिळतच नव्हते. ३२४ रुग्णांच्या या चाचणीत, २०१२ साली, असे निघाले की, वारंवार तपासणी आणि सी.टी. स्कॅन यांच्या आधारे काळजीपूर्वक केलेला उपचार दाबमापकाच्या आधारे केलेल्या उपचारापेक्षा निकृष्ट ठरला नाही. गरिबीतून निघालेला प्रश्न श्रीमंतांच्या शास्त्रालाही विचारात पाडणारा ठरला. दुसरे उदाहरण ट्रानेक्झामिक ॲसिडचे. जपानच्या शोसुके आणि उताको ओकामोतो या संशोधक दांपत्याने १९६० च्या दशकारंभी शोधलेले, रक्तस्राव रोखणारे हे औषध. त्याचे पेटंट केव्हाच संपलेले, किंमत नगण्य. अपघातातील रक्तस्रावावर ते लवकर दिल्यास प्राण वाचतात, हे २०१० मध्ये वीस हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीत सिद्ध झाले. मेंदू-इजेच्या १२,७३७ रुग्णांची चाचणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. खोल बेशुद्धीत बाहुल्याही निर्जीव झालेल्या रुग्णाला त्याचा उपयोग दिसला नाही. सौम्य आणि मध्यम इजेच्या रुग्णाला, तीन तासांच्या आत आणि जितके लवकर तितके बरे, उपयोग दिसला. भारतातील रुग्णालये या चाचण्यांत सहभागी होती. म्हणजे औषध स्वस्त आहे, पुरावा येथल्या रुग्णांनीही दिलेला आहे. अडते ते तीन तासांवर.

तंत्रज्ञानाला विरोध म्हणून हे मांडायचे नाही. हालचाल करू न शकणाऱ्या २४१ रुग्णांपैकी ६० जणांचा, म्हणजे चौघांतील एकाचा, मेंदू सांगितलेल्या सूचनेला प्रतिसाद देत होता, असे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात यंत्रांच्याच साहाय्याने उघड झाले. ज्यांना भान नाही असे गृहीत धरून त्यांच्या उशाशी वाटेल ते बोलले जाते त्यांच्यापैकी काही जण सर्व ऐकत असतील, ही जाणीव अंगावर काटा आणणारी आहे. परंतु त्याआधी, १९९६ मध्येच, लंडनच्या एका पुनर्वसन रुग्णालयात भानरहित म्हणून पाठवलेल्या ४० रुग्णांपैकी १७ जणांचे निदान चुकीचे असल्याचे आढळले होते. आणि ते आढळले होते व्यवसायोपचारतज्ज्ञांच्या दिवसेंदिवसांच्या चिकाटीच्या निरीक्षणातून. त्या सतरांपैकी बहुतेकांची दृष्टी गेली होती वा अतिशय अधू झाली होती. ते डोळ्यांनी प्रतिसाद देत नव्हते, कारण त्यांना दिसत नव्हते. पुरेशी माणसे आणि पुरेसा वेळ दिला तर विनायंत्रही किती कळू शकते, याचा हा दाखला होय.

मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील अरुणा शानबाग यांची आठवण या संदर्भात होणे अपरिहार्य आहे. १९७३ मधील हल्ल्यानंतर त्या पुन्हा सावरल्या नाहीत; डॉक्टरांचे भाकीत खरे ठरले. तरीही २०१५ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत बेचाळीस वर्षे त्यांच्या सहकारी परिचारिकांनी पिढ्यान्‌पिढ्या त्यांची सेवा केली, आणि अंगाला शय्याव्रण होऊ दिला नाही हे सर्वोच्च न्यायालयानेही गौरवाने नोंदवले. त्यांना तसे जगवणे योग्य होते काय, यावर प्रामाणिक मतभेद होते आणि २०११ च्या निकालातही ते उमटले. त्या वादात एक गोष्ट मात्र मागे पडली. बेशुद्ध रुग्णाची पाठ, फुप्फुसे, सांधे आणि पोषण शाबूत ठेवण्याचे हे कौशल्य किती रुग्णांना मिळते, त्याचा परिणामांवर काय फरक पडतो, हा संशोधनाचा विषय मानला जात नाही. कारण त्यात विकण्याजोगी वस्तू नाही, केवळ श्रम आहेत.

२०२२ मध्ये भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतील जवळजवळ ४५ टक्के दुचाकीवरची आणि सुमारे वीस टक्के पायी चालणारी होती. डोक्याला मार बसून बेशुद्ध होणारा भारतीय रुग्ण कोण, हे या आकड्यांवरून कळावे. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने अशा अपघातग्रस्तांसाठी रोखरहित उपचारांची योजना अधिसूचित केली. दीड लाख रुपयांपर्यंतचा खर्च त्यात अंतर्भूत आहे. पहिल्या तासांत पैशासाठी दार बंद होऊ नये, हा हेतू स्वागतार्हच म्हटला पाहिजे. परंतु मुदत आहे सात दिवसांची. शास्त्र म्हणते, पहिले तीन दिवस भाकीतच करू नका आणि अंतिम परिणाम सहा महिन्यांनी मोजा. सातव्या दिवशी जो अद्याप श्वसनयंत्रावर आहे, त्याची योजना संपते आणि कुटुंबाची परीक्षा सुरू होते. ही मुदत कोणत्या वैद्यकीय आधारावर ठरली, हे कार्यकर्त्यांनी जरूर विचारावे.

विचारण्याजोगे आणखीही पुष्कळ आहे, आणि त्यासाठी तज्ज्ञ असण्याची गरज नाही. जिल्हा रुग्णालयात ग्लासगोचा तक्ता दर तासाला भरला जातो काय, आणि रात्रपाळीला तो भरण्याइतक्या परिचारिका असतात काय? अपघातस्थळापासून सी.टी. स्कॅनपर्यंत रुग्णाला किती वेळ लागतो, याची नोंद होते काय? रुग्णवाहिकेत ट्रानेक्झामिक ॲसिडच्या कुप्या आहेत काय? ‘सल्ल्याविरुद्ध घरी नेले’ या सदराखाली महिन्याला किती रुग्ण जातात आणि त्यांचे पुढे काय होते? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण त्याच्या उत्तरावाचून भारतातील ग्रामीण रुग्णाचे भाकीत परक्या रुग्णांच्या सूत्रांवरच होत राहणार. जेनेट आणि बाँड यांच्या पाच पायऱ्यांची पट्टी सहा महिन्यांनी घरी जाऊन, पाच-दहा साध्या प्रश्नांत भरता येते. रुग्णाला स्वतःचे कपडे घालता येतात काय, एकट्याने बाजारात जाता येते काय, कामावर परतला काय, एवढेच विचारायचे असते. आशा कार्यकर्ती त्या घरी एरवीही जातच असते. तिला हे प्रशिक्षण द्यावे, तिच्या नोंदी जिल्ह्याला आणि तेथून वैद्यकीय महाविद्यालयाला मिळाव्यात, आणि या कामाचा मोबदला तिच्या मानधनात स्वतंत्रपणे धरला जावा, ही मागणी प्रत्येक जिल्ह्याच्या आरोग्य समितीपुढे या वर्षीच ठेवता येईल.